दोन खोल्यांचा नकाशा

मालवणच्या किनारपट्टीवर सध्या सगळ्यात जास्त कुठला नकाशा काढला जात असेल, तर तो जुन्या घराला दोन खोल्या जोडण्याचा. तारकर्लीला जा, देवबागला जा, वायरीत किंवा आचऱ्याला जा, रस्त्याकडेला चिरे रचलेले, वाळू ओतलेली आणि कौलारू घराच्या कुशीला सिमेंटचे चार खांब उभे राहिलेले दिसतात. असाच एक नकाशा माझ्याकडे मतासाठी आला. उमेदीची वर्षं नकाशे वाचण्यात गेली, त्यामुळे ओळखीची माणसं अजून कागद घेऊन दारात येतात. घर मालवणपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं, माडांच्या बागेतलं, राणीछाप रुपयाच्या काळातलं. मुंबईतली नोकरी सोडून गावी परतलेल्या एका जोडप्याला तिथे पाहुणे ठेवायचे आहेत.

दक्षिणेकडच्या पडवीला लागून दहा बाय बाराच्या दोन खोल्या, प्रत्येकीला आतूनच संडास-न्हाणी, वर स्लॅब, स्लॅबवर जायला बाहेरून जिना, आणि पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून खांबांच्या सळ्या वर सोडलेल्या. नव्या भिंतीला जागा मिळावी म्हणून पडवीचं छप्पर दीड हात छाटायचं. पुढच्या पडवीला काचा लावून तिथे पाहुण्यांची बैठक करायची. जोड द्यायला माझी हरकत नव्हती. ही जोड मात्र मला पटेना, आणि का पटत नाही हे त्या दोघांना समजावून सांगताना जे सुचत गेलं, ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी घराविषयी. पडवीवरचं एक निखळलेलं कौल हातात घेऊन उलटं केलं, तर पाठीवर बासल मिशनच्या मंगळुरूच्या कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा उठवलेला होता. घरातल्यांना तेच घराचं साल वाटत आलं आहे. ते साल कारखान्याचं. मंगळुरूजवळ जेप्पू इथे मिशनऱ्यांनी त्या वर्षी कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं गलबतांतून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आमच्याकडे गावच्या कुंभाराने घडवलेले नळे असत, नाहीतर गवत आणि माडाची झापं. या घराच्या माजघरावरही आधी तसंच काहीतरी असणार, कारण तिथल्या वाशांमधलं अंतर मंगळुरी कौलांच्या हिशेबात बसत नाही. मागाहून रिपा मारून ते जुळवून घेतलेलं दिसतं.

पैसा कुठून आला, तेही घर सांगतं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा मालवणही येत होतं, माणसं गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत भरती होत गेली. १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि चाकरमान्याचा पगार पोस्टमनच्या हाताने थेट ओटीवर येऊ लागला. दक्षिणेची पडवी चुन्यात बांधलेली आहे. चुना शिंपल्यांचा, अजून त्यात पांढरे तुकडे दिसतात. माजघराच्या भिंती मात्र मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या, दोन हात जाड. माजघर एका पिढीचं आणि पडवी दुसऱ्या पिढीच्या मनीऑर्डरची, असा माझा अंदाज आहे. रांधपाच्या खोलीतली एक भिंत सिमेंटची आहे, ती घरमालकाच्या आजोबांच्या वेळची.

आज आपण ज्याला अस्सल कोकणी घर म्हणतो आणि ज्याचे फोटो कॅलेंडरवर छापतो, ते असं उभं राहिलं आहे. परदेशी मिशनऱ्यांच्या कारखान्यातलं छप्पर, गिरणीतल्या घामाचा पैसा, गावच्या सुताराचा हात. व्हिक्टोरिया राणीच्या त्रेसष्ट वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जसे बंगले आणि कॉटेज वाढले, तशीच आमच्या किनाऱ्यावर ही घरं वाढली. त्यामुळे जुन्या घराला काहीच जोडू नये, ते मूळ रूपात ठेवावं, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य होत नाही. मूळ रूप म्हणून कुठल्या सालाशी थांबायचं? गवताच्या छपराशी, नळ्यांशी की मंगळुरी कौलांशी? हे घर जोडत जोडतच झालं आहे.

पण कसं जोडलं, ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक पडवीने आपला उतार मोठ्या छपरापासून घेतला आणि ती त्याच्याहून खाली राहिली. आढ्याला कुणी हात लावला नाही. माजघराच्या भिंतीला भोकं पाडून कुणी तुळया घुसवल्या नाहीत. पडवी कुजली तेव्हा ती काढून पुन्हा बांधली आणि माजघरात झोपलेल्या म्हाताऱ्यांना त्याचा त्रास झाला नसेल. वळई मागे सरकली, न्हाणी एकदा पूर्वेला होती ती उत्तरेला गेली, तिच्या जुन्या दगडी मोरीवर आता तुळशीची रोपं आहेत. एवढं बदलूनही बाहेरून बघणाऱ्याला घर एकच दिसतं.

कायद्याचं बघू. सागरी किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत, म्हणजे लोक ज्याला सीआरझेड म्हणतात त्यात, गावांतल्या किनाऱ्यासाठी एक तरतूद आहे: स्थानिक लोकांना, मच्छीमारांनाही, आपल्या घरात पाहुणे ठेवून पर्यटनाचा व्यवसाय करता येईल, मात्र घराचं जोतं, त्याची रचना आणि दर्शनी बाजू न बदलता. दिल्लीत बसून लिहिलेल्या रूक्ष मजकुरात इतकं शहाणं वाक्य सापडावं याचा मला आनंद झाला होता. राहतं घर आहे तसं पाहुण्याला दाखवा आणि त्यावर पोट भरा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावर उलटं घडतं. होम स्टे हा शब्द पाटीवर येतो आणि होम पाठीमागे झाकलं जातं. माझ्यापुढचा नकाशा त्या तिन्ही गोष्टी बदलत होता: जोतं वाढत होतं, रचना बदलत होती आणि काचा लावल्यावर दर्शनी पडवी पडवी राहणार नव्हती.

वारशाच्या कायद्याचं म्हणाल तर या घराला त्याचा स्पर्श नाही. मुंबईने १९९५ मध्ये देशात पहिल्यांदा वारसा इमारतींची नियमावली केली, श्रेणी ठरवल्या, समिती नेमली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा वास्तूंची तरतूद आहे, पण ती यादीवर चालते आणि गावातल्या राहत्या घरांची यादी करायला कुणी बसलेलं नाही. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत; स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट असते. सिंधुदुर्गाभोवतीचं ते वर्तुळ बहुतेक समुद्रातच संपतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यातले दोन आमच्या एका जिल्ह्यातले, याचा अभिमान वाटतोच. त्या यादीमुळे पाहुणे वाढतील, आणि ते वाढले की किल्ल्यासमोरच्या गावांत असे नकाशे आणखी निघतील.

गावात नकाशा तपासणारी समिती असते, ती घरातलीच. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर जितकी नावं तितके तिचे सदस्य. एक भाऊ डोंबिवलीला, एक विरारला, चुलत्याच्या मुली लग्न होऊन कोल्हापूर-बेळगावला. घर सामाईक, त्यामुळे कुणा एकाच्याही सहीशिवाय काही करता येत नाही, आणि सह्या मिळत नाहीत म्हणून कितीतरी घरांची आढी मोडून पडली आहेत. ती पाडायला स्लॅबची गरज लागली नाही. स्लॅबच्या जोडीमागे पुष्कळदा आणखी एक कारण असतं, जे नकाशावर लिहिलेलं नसतं. दक्षिणेची बाजू माझी, हे सांगण्याचा तो एक मार्ग असतो. तोंडी वाटणीला दप्तरात जागा नसते, पण सिमेंटच्या खोलीला घरपट्टी लागते, विजेचं मीटर लागतं. म्हणून त्या घरच्या मालकाला मी पहिला प्रश्न खोल्यांविषयी विचारलाच नाही. डोंबिवलीच्या भावाला हा कागद दाखवला का, एवढंच विचारलं. दाखवला नव्हता.

जगात या गोष्टीवर बराच विचार झाला आहे. १८७७ मध्ये लंडनला विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती जुनी चर्चं मूळ रूपात आणण्याच्या नावाखाली मधल्या शतकांचे थर खरवडून टाकणाऱ्यांच्या विरोधात. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत तोच विचार पुढे आला: सर्व काळांच्या भरीचा मान ठेवा, आणि नवं काही जोडायचंच असेल तर ते जुन्या वास्तूच्या मोलाच्या भागांना, तिच्या तोलाला आणि भोवतालाला बाधा आणणार नाही एवढंच जोडा. नवं काम नवंच दिसू द्या, जुन्याचं सोंग घेऊ नका, असंही पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत आले. आपल्याकडे इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये जी सनद केली तिच्यात जीर्णोद्धाराच्या आपल्या रीतीला आणि पारंपरिक कारागिराच्या ज्ञानाला जागा दिली, ती मला जास्त जवळची वाटते. कारण नवं वेगळं दिसावं की जुन्यासारखं, यावर गावात कुणी भांडत नाही. ज्याला सुतार मिळतो तो लाकूड लावतो, ज्याला गवंडी मिळतो तो सिमेंट. इथे जोडीची परीक्षा पाऊस घेतो.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्यावर तो सरळ येत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो. जुन्या घराचं छप्पर हे त्याला दिलेलं उत्तर आहे. पाणी आढ्यापासून निघतं ते न अडता पागोळ्यांपर्यंत जातं आणि भिंतीपासून दोन-तीन हात दूर जमिनीवर पडतं. छपराचा तो पुढे आलेला भाग कमी केला तर भिंत भिजते. आणि त्या छपराच्या तोंडाशी त्याच्याहून उंच भिंत उभी केली तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. मग तिथे पत्र्याची पन्हळ बसवतात. पहिल्या वर्षी ती चालते. पुढे माडाचा फुलोरा, आंब्याची पानं आणि उंदरांनी ओढून आणलेला काथ्या तिच्यात साठतो. आषाढातल्या एका रात्री ती तुंबते आणि पाणी उलटं फिरून कौलांखाली शिरतं, वाशांच्या टोकांवर, तिथून भिंतीवर आडव्या टाकलेल्या तुळईवर. अशा जोडलेल्या एका घरात मी तो सांधा खालून पाहिला आहे. वासा फणसाचा, बोटभर जाड तेलकट रंगाने झाकलेला, बघायला धडधाकट. टोकाशी अंगठा दाबला तर तो आत गेला. बाहेर आला तो ओल्या भुशासह, आणि भुशात वाळवी. मालकाला हे माहीतच नव्हतं, कारण त्याच्या नव्या खोल्या कोरड्या होत्या. पाणी सगळं जुन्या बाजूला जात होतं.

पायाचंही तसंच. मातीत बसवलेल्या भिंतीला पाया खोल नसतो; ती आपल्या वजनाने आणि रुंदीने उभी असते. तिच्या लगत खांबांसाठी चार-पाच फुटांचे खड्डे काढले की तिच्या बुडाची माती सैल होते. शिवाय नवं बांधकाम आपल्या चालीने खचतं, जुनं कधीच खचून स्थिर झालेलं असतं, आणि त्या दोघांच्या सांध्यात दुसऱ्या पावसापर्यंत उभी भेग पडते. भेग बुजवायला सिमेंटचा गिलावा येतो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो, आणि तो छिद्राळ असल्याने ओल घेतो तशी सोडतोही. बाहेरून सिमेंट लिंपलं की ओल आतल्या बाजूला, माजघराकडे, वाट काढते. माजघरातला तो कुबट वास पुष्कळांना जुन्या घराचा वाटतो. तो बऱ्याच वेळा नव्या गिलाव्याचा असतो.

आणि स्लॅब स्वतः तरी किती टिकतो? खाऱ्या हवेत लोखंडी सळईचं आयुष्य कमी. क्षार काँक्रीटमधून झिरपतात, सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. किनाऱ्यावरच्या कित्येक स्लॅबांच्या पोटाशी लाल सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. मालवणकरांना खारी हवा लोखंडाचं काय करते हे वेगळं सांगायला नको. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी छत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला. नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याकडून त्याच्या काही दिवस आधी कळवलं गेलं होतं, असं त्या वेळी प्रसिद्ध झालं. पुढे तिथे नवा पुतळा उभा राहिला. त्या दिवसाचं दुःख इथल्या माणसाच्या मनातून गेलेलं नाही. ऐतिहासिक जागेला काही जोडायचं तर आधी त्या जागेचा वारा, पाऊस आणि मीठ यांच्याशी बोलणी व्हायला हवीत, समारंभाची तारीख मागाहून.

तिथून पाण्यापलीकडे सिंधुदुर्गात याच्या उलट उदाहरण आहे. किल्ल्यातलं श्रीशिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांच्या वेळचं, सतराव्या शतकाच्या अखेरचं मानलं जातं. त्याला सभामंडप जोडला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मध्ये दोनशे वर्षांचं अंतर. तरी त्या मंडपाला कुणी विद्रूपीकरण म्हटलेलं मी ऐकलं नाही. दर्शनाला येणाऱ्या माणसांना उभं राहायला आणि बसायला जागा हवी होती, ती समोरच्या बाजूला दिली. मूर्ती होती तिथेच राहिली. मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघराचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये केलं, तिथेही घर घरासारखं ठेवून नव्या गरजांसाठी शेजारी वेगळी जागा केली. याउलट गावोगावची कौलारू देवळं बघा. कोरीव लाकडी खांबांचे मंडप उतरवून तिथे स्लॅब आणि रंगवलेली शिखरं आली, आणि ते खांब कुठे गेले ते गावातल्या कुणाला सांगता येत नाही. भक्ती कमी होती म्हणून हे झालं असं नव्हे. वर्गणी देणाऱ्याला आपण दिलेलं काहीतरी दिसावं असं वाटतं, आणि दुरुस्ती दिसत नाही.

आता घरातल्यांची बाजू. ती मी हलकी मानत नाही, कारण जुनं जपा म्हणणारे बहुतेक जण शहरातल्या फ्लॅटमधून म्हणतात, जिथे संडास खोलीला लागून असतो. मी हे सगळं बोलत असताना घरच्या सुनेने चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “पावन्यांचा सोडा काका, माका तरी रातीचा भायर कित्याक जावचा लागता?” मी नकाशा पुन्हा उलगडला. दोन संडास, दोन न्हाण्या, आणि चारही पाहुण्यांच्या. घरच्या बाईसाठी, गुडघे धरलेल्या सासूसाठी एकही नाही. घराची न्हाणी आणि संडास अजून मागच्या परड्यात, पावसात छत्री घेऊन जायच्या अंतरावर. नकाशा काढणाऱ्याला ते सुचलं नाही, मागणाऱ्यालाही सुचलं नाही. मलाही छपराची आणि वाशांची काळजी करताना ते दिसलं नव्हतं. तिने विचारलं म्हणून दिसलं.

तेव्हापासून माझं म्हणणं थोडं बदललं. घराला जोडायचं असेल तर आधी घरात राहणाऱ्यांसाठी जोडा, तेही मागच्या वळईत, जिथे पाण्याचा वावर आणि मोरीचा उतार पूर्वीपासून आहे. तिथे छपराला धक्का न लावता एक संडास-न्हाणी सहज बसते. पाहुण्यांच्या खोल्या मात्र घराला चिकटवू नका. त्यासाठी आपल्याकडे मांगर आहेच. बागेत, घरापासून सुटा, चिऱ्यांच्या चार भिंती आणि वर कौलं; नारळ, गवत, अवजारं ठेवायला, राखणीला झोपायला बांधलेला. जागा कमी पडली की आमच्या लोकांनी घर ताणलं नाही, मांगर घातला. या घराच्या बागेत एका पडलेल्या मांगराचं जोतं अजून आहे, माडांच्या दुसऱ्या ओळीपाशी. त्यावर दोन खोल्या नीट बसतात. पाहुण्यालाही एकांत मिळतो, पहाटे चुलीशी उठणाऱ्या माणसांची झोपमोड त्याला होत नाही, आणि उद्या हा धंदा चालला नाही तर मांगर पुन्हा मांगर होतो. सुटी वास्तू म्हणजे नवं बांधकाम, त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. हे घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या पलीकडे असल्याने ती वाट बंद नाही. संडासाची टाकी तेवढी विहिरीच्या वरच्या अंगाला नको.

पुढच्या पडवीला काचा लावण्याचा विचार सोडून द्यावा असं मी आग्रहाने सांगितलं. दर वर्षी पाऊस संपला की खळं सारवून त्यावर माटव घालतात. पोफळीचे खांब, वर झापं. पुढच्या पावसाच्या तोंडावर तो उतरतो. पावसाळ्यात पडवीच्या तोंडाला झापं बांधून आडवा पाऊस अडवायचा, दसऱ्याला ती सोडायची. घराला दर वर्षी काहीतरी जोडलं जातं आणि दर वर्षी काढलं जातं, ही सवय या किनाऱ्याच्या हाताला आहे. पाहुण्यांची बैठक त्या माटवात होऊ दे. मुंबईहून येणारा माणूस काच बघायला येत नाही, आणि काच लावली की पडवीतला वारा बंद होऊन पंखा लावावा लागतो.

घरमालकाचा मुख्य आक्षेप खर्चाचा होता, आणि तो खरा आहे. स्लॅब एकदा ओतला की वीस वर्षं त्याकडे बघावं लागत नाही असं त्याला वाटतं. कौलांना मात्र दर वर्षी वैशाखात माणूस चढवावा लागतो, फुटलेली बदलायची, सरकलेली बसवायची. शाकारणीला येणारी माणसं कमी झाली, जी आहेत त्यांची मजुरी वाढली. गावचा सुतार सत्तरीचा, त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात. “घराक धक्को माकाय नको,” तो म्हणाला, “पण पोटाकय काय तरी व्हया मा?” याला माझ्याकडे पुस्तकी उत्तर नव्हतं. गवंड्याकडून दोन्हींचा अंदाज काढून घेतला. मांगराच्या जुन्या जोत्यावरचं काम स्लॅबच्या जोडीपेक्षा स्वस्त पडत नाही, पण फार महागही पडत नाही, कारण खांब, जिना आणि वरच्या मजल्यासाठी सोडायच्या सळ्या त्यात नाहीत. लाकूड बागेतल्या जुन्या फणसाचं निघेल. कौलं पडलेल्या गोठ्याची आहेत, त्यातली अर्ध्याहून अधिक वापरण्याजोगी.

मी त्याच नकाशाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नवी मांडणी काढून दिली: वळईत घरची न्हाणी, जोत्यावर मांगर, दक्षिणेची पडवी आहे तशी. खाली एक अट लिहिली, की पाहुण्यांच्या खोल्यांतून येणाऱ्या पैशातून दर वर्षी पहिल्यांदा माजघरावरची शाकारणी व्हावी, मग बाकीचं. सुनेला न्हाणीची जागा पटली. मालकाला मांगर घरापासून जरा लांब वाटतो, पावसात पाहुण्याला ताट कसं पोचवायचं असं तो विचारतो, आणि तो प्रश्न बरोबर आहे. मधल्या वाटेवर बुटकी, पडवीसारखी छपरी घालता येईल का ते जागेवर दोरी धरून बघायचं ठरलं आहे. डोंबिवलीच्या भावाला दोन्ही नकाशे पाठवले आहेत. गणपतीला सगळे गावी येतील तेव्हा तो सही करतो की दक्षिणेच्या बाजूवर बोलणं काढतो, ते त्या वेळी कळेल.